कारचा एअर फिल्टर: कागदी घ्यावा की धुऊन पुन्हा वापरता येणारा तेलाचा? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एका वाक्यात सांगा, नागपुरात रोज चालणाऱ्या गाडीला कुठला फिल्टर लावायचा?

चांगल्या कंपनीचा कागदी. दर दहा-बारा हजार किलोमीटरला बदलायचा आणि मध्ये त्याला हवा मारायची नाही. कापसाच्या मुलखात राहून कापसाच्या, म्हणजे तेलाच्या, फिल्टरला नाही म्हणायचं म्हणजे थोडं जिवावर येतं, पण इथली धूळ पाहता उत्तर हेच आहे. तेलाचा फिल्टर कुणाला शोभतो आणि लावला तर कसा सांभाळायचा, ते पुढे येईलच.

तेलाचा फिल्टर म्हणजे नेमकं काय असतं?

सुती जाळीदार कापडाचे चार ते सहा थर, दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची बारीक जाळी, कडेला पॉलीयुरेथेनची रबरासारखी चौकट. कापडाला चिकट तेल लावलेलं असतं, बहुतेकदा लाल किंवा निळं, म्हणजे ते कुठे लागलं आणि कुठे राहिलं हे डोळ्यांना दिसतं. कापडाची भोकं कागदापेक्षा बरीच मोठी असतात. धूळ अडवायचं काम भोकांपेक्षा तेल जास्त करतं: हवा धाग्यांना वळसा घालून जाते, कणाला तेवढं चटकन वळता येत नाही, तो धाग्यावर आपटतो आणि चिकटतो. तेल नसलेला असा फिल्टर म्हणजे नुसती जाळी. कागदी फिल्टर रेझिन लावलेल्या दाट तंतूंचा असतो आणि त्याला तेलाची गरज नसते. (काही कागदी फिल्टर कारखान्यातूनच हलक्या तेलात भिजवून येतात. हाताला ओलसर लागले म्हणून ते खराब समजू नका. मात्र ते धुवायचे नाहीत आणि त्यांना हवाही मारायची नाही.)

तेलाच्या फिल्टरमधून हवा जास्त जाते म्हणतात. मग धूळही जास्त जाते का?

जाते. सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे, म्हणून हे उत्तर जरा लांब आहे.

एअर फिल्टरची चाचणी आयएसओ ५०११ या पद्धतीने होते. ठरावीक मापाची धूळ तोलून फिल्टरवर सोडतात आणि किती अडली, किती पलीकडे गेली ते पुन्हा तोलतात. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. तेलाचे सुती फिल्टर साधारण ९६ ते ९८ च्या पट्ट्यात येतात, एखादा त्याहून वर जातो. ऐकताना दोन-तीन टक्क्यांचा फरक क्षुल्लक वाटतो. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणंघेणं नसतं, त्याला पलीकडे गेलेली धूळ भोवते. फिल्टरवर १०० ग्रॅम धूळ आली असं धरा. ९९.५ टक्केवाला अर्धा ग्रॅम आत सोडतो, ९७ टक्केवाला तीन ग्रॅम. सहापट. तीन ग्रॅम बारीक धूळ तळहातावर घेऊन बघा, मग ती सिलिंडरच्या भिंतीवर कल्पून बघा.

आता दुसरी बाजू. फक्त सदर-धरमपेठ-सिव्हिल लाइन्स फिरणाऱ्या गाडीच्या फिल्टरवर १०० ग्रॅम जमायला वर्षं लागतात. तिथे दोन्ही फिल्टर चालून जातात आणि इंजिनाला फरक कळत नाही. हाच फिल्टर खदानीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीत असेल तर हिशेब काही महिन्यांत समोर येतो. परदेशातल्या गुळगुळीत रस्त्यांवरचे लोक छातीठोकपणे सांगतात की तेलाच्या फिल्टरवर दोन लाख किलोमीटर काढले, काही झालं नाही. ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या हवेत धूळच नसते.

नागपूरची धूळ इतर शहरांपेक्षा वेगळी आहे का?

आपण एका भूगर्भीय सांध्यावर बसलो आहोत. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट, तर उत्तर-पूर्वेला कामठीचा वालुकाश्म आणि त्याहून जुने खडक. त्यामुळे काटोल-कळमेश्वरकडची धूळ काळ्या मातीची, आणि कामठी-कन्हानकडची वाळूमिश्रित, म्हणजे गारगोटीच्या कणांची. गारगोटी काचेवर चरा पाडते. सिलिंडरच्या भिंतीवर ती काय करेल ते वेगळं सांगायला नको. यात भर कोराडी-खापरखेड्याच्या राखेची. तिचे कण म्हणजे सिलिका-ॲल्युमिनाचे बारीक काचेरी गोळे. उमरेडकडे कोळसा, त्याच रस्त्यावर पाचगावच्या बाजूला गिट्टीच्या खदानी, आणि शहरात कुठे ना कुठे खोदलेला रस्ता असतोच.

इंजिनाला सर्वांत वाईट कण ५ ते २० मायक्रॉनचे. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. पिस्टन रिंग आणि सिलिंडर, बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामधला तेलाचा थर साधारण याच जाडीचा असतो. कण त्याहून लहान असेल तर तेलाबरोबर वाहून जातो. खूप मोठा असेल तर कुठलाही फिल्टर त्याला अडवतो. मधल्या मापाचा कण मात्र बरोबर फटीत बसतो आणि दोन्हीकडे घासतो.

किती हवा जाते हो एवढी?

एक लिटर पेट्रोल जाळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, म्हणजे सुमारे ११ किलो. मे महिन्यात ४५ अंशांची नागपूरची विरळ हवा धरली तर ती जवळजवळ १०,००० लिटर होते. वर्षाला ८०० लिटर पेट्रोल जाळणारी गाडी ८० लाख लिटर हवा ओढते.

पिकअप आणि ॲव्हरेज वाढतं का?

ॲव्हरेज वाढत नाही. पेट्रोल गाडीत हवेला खरा अडथळा थ्रॉटलची झडप करते, कारण तेच तिचं काम आहे. फिल्टरने जरा जास्त अडवलं तर तुमचा पाय नकळत ॲक्सिलरेटर केसभर जास्त दाबतो, झडप तेवढी उघडते आणि आत हवा तितकीच जाते. कॉम्प्युटर हवा मोजून त्याच प्रमाणात पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम जाम केलेले फिल्टर लावून हे तपासलं. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ॲव्हरेजवर दखल घेण्याजोगा परिणाम दिसला नाही, मात्र जाम फिल्टर काढून नवा टाकल्यावर वेग पकडायचा वेळ ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मात्र ॲव्हरेजलाही फटका बसला होता. ‘फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढवा’ ही जुनी शिकवण तिथून आलेली आहे.

पिकअपचं म्हणाल तर तुलना कशाशी करता यावर ठरतं. जाम कागदी काढून नवा तेलाचा टाकला की गाडी मोकळी वाटते, आणि श्रेय तेलाच्या फिल्टरला जातं. नवा कागदी टाकला असता तरी तेवढीच मोकळी झाली असती. नव्या कागदीविरुद्ध नवा तेलाचा असा सामना लावला तर फरक पूर्ण ॲक्सिलरेटरवर, वरच्या आरपीएमला, एखाद-दोन टक्क्यांचा राहतो. हवेचं तापमान २५ वरून ४५ अंशांवर गेलं की तिची घनता सहा टक्क्यांनी घटते. म्हणजे नागपूरचा उन्हाळा गाडीचा जेवढा दम काढतो, त्याच्या निम्माही कुठला फिल्टर परत देत नाही.

सक्शनचा आवाज मात्र थोडा वाढतो, आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळते असं वाटतं. हा परिणाम खरा आहे, फक्त तो कानांत होतो.

एकदाच घ्यायचा, आयुष्यभर धुवायचा. पैसे तरी वाचतात ना?

हिशेब मांडून बघू. छोट्या कारचा कागदी फिल्टर साधारण २५० ते ६०० रुपयांत येतो. ४०० धरू. वर्षाला १२,००० किमी, दरवर्षी नवा फिल्टर: दहा वर्षांचे ४,००० रुपये. तेलाचा नामांकित फिल्टर ५,००० च्या पुढेच सुरू होतो, वर धुण्याच्या किटचे दीड-दोन हजार. किटमधला क्लीनर आधी संपतो आणि तेल उरतं, त्यामुळे दहा वर्षांत दोन किट तरी लागतातच. बेरीज आठ-नऊ हजारांवर जाते. त्यात दरवेळी दोन दिवसांची उठाठेव आहे, ती मोजलेलीच नाही.

महाग कागदी फिल्टर लागणाऱ्या मोठ्या एसयूव्हीला, जिचं रनिंग वर्षाला ४०-५० हजार किमी आहे आणि तेही चांगल्या हायवेवर, हे गणित उलटू शकतं. तेलाचा फिल्टर शोभतो तो अशा गाडीला, किंवा ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला, किंवा स्वतःच्या हाताने काम करायची हौस असलेल्याला. बाकीच्यांनी त्या पैशांत दर वर्षी चांगलं इंजिन ऑइल टाकावं.

मेकॅनिक म्हणतो, ‘हवा मारून देतो, अजून पाच हजार चालेल.’ मारू द्यावी का?

नाही. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर सात-आठ बारवर असतो. त्याचं नोझल कागदाच्या चुण्यांजवळ धरलं की तंतू फाटतात आणि डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. कागदाला नाही तर चुण्या आणि कडेच्या रबराच्या जोडाला तडा जातो. वरून फिल्टर पांढराशुभ्र दिसतो आणि गिऱ्हाईक खूश होतं.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. कागदी फिल्टर वापरात आल्यावर सुधारतो. पृष्ठभागावर धुळीचा पातळ थर बसतो आणि तो थर स्वतःच गाळणीचं काम करू लागतो, म्हणून अगदी नवाकोरा फिल्टर हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत कच्चा फिल्टर असतो. हवा मारून तो थर उडवला की फिल्टर पुन्हा नव्यासारखा कच्चा होतो. तेलाच्या फिल्टरचंही तेच, दर महिन्याला धुणारा माणूस इंजिनाचं भलं करत नाही.

काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हवा मारून साफ करण्याची मुभा दिलेली असते. तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तर कमी दाबाने, नोझल लांब धरून, आतल्या म्हणजे इंजिनाकडच्या बाजूने बाहेर हवा मारा, आणि तीही एकदाच. फुटपाथच्या कडेवर फिल्टर आपटणं तर पूर्ण बंद करा. चौकट वाकली की सील बसत नाही.

कागदी फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा?

मॅन्युअलमध्ये बहुतेकदा २०,००० ते ४०,००० च्या दरम्यानचा आकडा असतो, आणि खाली बारीक अक्षरांत ‘धुळीच्या भागात लवकर’ अशी ओळ. नागपूर त्या ओळीत बसतं. शहरात फिरणाऱ्या गाडीला १०-१२ हजार, हिंगणा-बुटीबोरी एमआयडीसीला जाणाऱ्या गाडीला साधारण तेवढेच, रोज उमरेड रोडवर टिपरच्या मागे लागणाऱ्या गाडीला ५-७ हजार. नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. समृद्धीने शिर्डीला चार वेळा जाऊन आलेली गाडी चार हजार किमी चालूनही फिल्टर राखाडी ठेवते, आणि बांधकामाच्या साइटवर हजार किमी फिरलेली गाडी तो विटेच्या रंगाचा करते.

रंगावरूनही फसू नका. राखाडी फिल्टर चांगला असू शकतो. चुण्या बोटांनी हलकेच उघडा: तळापर्यंत धूळ घट्ट बसली असेल, चुण्या एकमेकींना चिकटल्या असतील, कागदावर पाण्याचे किंवा ऑइलचे डाग असतील तर बदला. ज्यांच्याकडे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) आहे आणि गाडी बिनटर्बो पेट्रोल आहे, त्यांच्यासाठी नेमकी पद्धत आहे. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा बघा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर असल्याने तो ९६ ते ९८ किलोपास्कलच्या घरात येतो. मग मोकळ्या रस्त्यावर, शेजारच्याला स्कॅनर धरायला लावून, तिसऱ्या गिअरमध्ये काही सेकंद पूर्ण ॲक्सिलरेटर द्या आणि ४,००० आरपीएमला तोच आकडा बघा. नव्या फिल्टरवर दोन्हींत जो फरक येतो तो वहीत लिहून ठेवा. पुढे तो दोन-तीन किलोपास्कलने वाढला की फिल्टर संपला.

तेलाचा फिल्टर घेतलाच आहे. तो धुवायचा कसा?

आधी एक जुना कागदी फिल्टर जवळ ठेवा, कारण हे काम एका दिवसाचं नाही.

१. फिल्टर काढायच्या आधी डब्याच्या झाकणावरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. झाकण उघडल्यावर फिल्टर सरळ वर उचला, तिरपा केला की वरची माती आतल्या बाजूला सांडते. इंजिनाकडच्या पाइपात स्वच्छ फडकं कोंबा, आणि नंतर ते काढायला विसरू नका. हा विनोद नाही.

२. मऊ ब्रशने वरवरची धूळ झटका. दोन्ही बाजूंनी क्लीनर मारा, चुण्या पूर्ण भिजू द्या आणि १० मिनिटं ठेवा. क्लीनर कापडावर वाळू द्यायचा नाही. मे महिन्यात गच्चीवर तो पाच मिनिटांत वाळतो, म्हणून हे काम सावलीत करा.

३. नळाच्या साध्या धारेखाली धुवा. पाणी आतल्या, स्वच्छ बाजूने ओता म्हणजे घाण बाहेर ढकलली जाते. प्रेशर वॉशर नको, त्याने कापडाचे धागे सरकतात. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटची धार नळाच्या किंवा प्यायच्या पाण्याची द्या, नाहीतर वाळल्यावर पांढरे क्षार उरतात. पाणी निवळ येईपर्यंत धुवा, कदाचित दोनदा क्लीनर लागेल.

४. झटकून पाणी काढा आणि सावलीत उभा ठेवून वाळवा. उन्हाळ्यात कूलरसमोर नका ठेवू, कूलरची हवा दमट असते. रात्रभर पंख्याखाली पुरेसं होतं. पावसाळ्यात पूर्ण २४ तास द्या, हात लावून नव्हे तर चुण्यांच्या तळाशी टिश्यू दाबून बघा. हेअर ड्रायर आणि हीट गन दोन्ही नको, कापूस आकसतो.

५. आता तेल. छोट्या कारच्या चपट्या फिल्टरला एकूण २० ते ३० मिलीच लागतं, म्हणजे दोन चमचे पोह्यांचे धरा. प्रत्येक चुणीच्या माथ्यावरून एकेक बारीक रेघ ओढा, फक्त बाहेरच्या, धूळ येणाऱ्या बाजूने. २० मिनिटं थांबा, तेल आपोआप पसरतं. उलटून बघा. जिथे पांढरा ठिपका दिसतो तिथेच थेंबभर अजून लावा.

६. फिल्टर वर्तमानपत्रावर रात्रभर उभा ठेवा. सकाळी कागदावर लाल थेंबांचे डाग दिसले तर तेल जास्त झालंय. आणखी एक रात्र निथळू द्या. ही पायरी लोक गाळतात आणि सगळी दुखणी इथूनच निघतात.

बसवताना रबराच्या कडेला बोटाने ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला की सील नीट बसतो.

तेल जास्त झालं तर काय बिघडतं?

डब्यानंतरच्या पाइपात मॅफ सेन्सर (किती हवा आत जाते ते मोजणारा) असेल तर तो बिघडतो. हा सेन्सर म्हणजे तापवलेली बारीक तार किंवा पट्टी. हवा तिला किती थंड करते यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो. तिच्यावर तेलाची वाफ आणि त्यावर धूळ बसली की तिला गोधडी पांघरल्यासारखं होतं आणि आकडा चुकतो. पेट्रोल गाडीत पेट्रोल कमी पडतं, पिकअपला झटके बसतात, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१०१ किंवा पी०१७१ असा बिघाडाचा कोड दिसतो. डिझेलमध्ये ईजीआरचा, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडण्याचा, हिशेब याच सेन्सरवरून होतो. तो चुकला की धूर वाढू शकतो, आणि बीएस ६ गाडी असेल तर डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरू शकतो.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतोच, मॅप असतो. त्यांना या बाबतीत धोका कमी. एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच वायर जोडलेला चपटा तुकडा पाइपात शिरलेला दिसला तर मॅफ असण्याची शक्यता मोठी, खात्री मॅन्युअल किंवा स्कॅनरवरून करा.

सेन्सर साफ करायचा तर फक्त मॅफ क्लीनर स्प्रे. कार्ब्युरेटर क्लीनरने आतलं प्लास्टिक आणि पट्टी दोन्ही जातात. इग्निशन बंद करा, तार थंड व्हायला १५ मिनिटं द्या, प्लग काढा, दोन टॉर्क्स स्क्रू खोला, सेन्सर बाहेर घेऊन दहा-बारा फवारे मारा आणि अर्धा तास वाळू द्या. पट्टीला बोट, कापूस, इयरबड काही लावायचं नाही.

किटमधलं तेल महाग आहे. इंजिन ऑइल लावलं तर?

इंजिन ऑइल चिकटून राहत नाही, हवेबरोबर ओढलं जातं आणि मॅफपर्यंत पोचतं. फिल्टर काही दिवसांत कोरडा होतो, आणि कोरडा सुती फिल्टर म्हणजे नुसती जाळी हे वर आलंच आहे. घरचं शेंगदाण्याचं किंवा जवसाचं तेल हवेत घट्ट होतं आणि कापड कडक करतं. धुवायला रॉकेल-पेट्रोल वापरणारेही आहेत. त्याने चौकटीचं रबर फुगतं आणि मग डब्यात बसत नाही.

आमच्या ट्रॅक्टरला तर तेलाचाच फिल्टर आहे, शेतात तो चालतो. मग कारला का नको?

नाव एक असलं तरी यंत्र वेगळं आहे. ट्रॅक्टरच्या (आणि जुन्या जीपच्या) फिल्टरमध्ये खाली वाटीभर तेल असतं. हवा वरून खाली येते, तेलाच्या पृष्ठभागाजवळ एकदम उलट वळते, जड कण वळू न शकल्याने तेलात बुडतात आणि उरलेली धूळ वरच्या तारेच्या गुंत्यात अडकते. भरमसाट धूळ पचवायला ते उत्तम, काटोलच्या संत्र्याच्या बागेत मालक दर काही दिवसांनी वाटी काढून गाळ फेकतो आणि पुन्हा भरतो. पण बारीक कण अडवण्यात ते कागदाच्या मागेच राहतं, विशेषतः इंजिन हळू चालत असताना. म्हणूनच नव्या ट्रॅक्टरांतही कोरडे कागदी फिल्टर येत आहेत, पुष्कळदा एकात एक असे दोन.

पावसाळ्यात कुठला बरा?

नुसत्या दमट हवेने दोघांनाही काही होत नाही. थोडं पाणी उडालं तर सुती फिल्टर तेलामुळे जास्त सोसतो, कागद मात्र भिजून फुगतो आणि हवा अडवतो. हा तेलाच्या फिल्टरचा खरा गुण आहे आणि तो मान्य करायला हवा.

तुंबलेल्या पाण्यात मात्र दोन्ही सारखेच निरुपयोगी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तशा प्रसंगी उभ्या गाडीत पाणी बोनेटपर्यंत चढलं असेल तर चावी फिरवू नका. आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर ओला असेल किंवा डब्याच्या तळाशी पाणी असेल तर गाडी टो करूनच न्यायची. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग चारशे रुपयांच्या फिल्टरचा प्रश्न उरत नाही.

धूळ आत जातेय हे कसं ओळखायचं?

फिल्टर काढा आणि डब्याच्या इंजिनाकडच्या अर्ध्या भागात, नंतर पाइपात, ओला पांढरा रुमाल गुंडाळून बोट फिरवा. रुमाल स्वच्छ आला पाहिजे. पिवळट-तांबूस पट्टा आला तर धूळ पलीकडे जातेय. फिल्टरच्या रबरी कडेवरही बघा. सील नीट बसलेला असेल तर कडेवर सलग स्वच्छ रेघ दिसते. त्या रेघेला कुठे धुळीची वाट फुटलेली असेल तर धूळ फिल्टरमधून न जाता बगल देऊन गेली आहे. अशी वाट तयार होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे झाकणाची एक क्लिप तुटलेली असणं, किंवा झाकणाची जीभ खाचेत न जाता वर राहिलेली असणं. कागदी विरुद्ध तेलाचा हा वाद घालणाऱ्या कितीतरी गाड्यांत चारपैकी तीनच क्लिपा लागलेल्या असतात. आधी ते बघा.

नुकसान होऊन गेल्यावरची लक्षणं: गाडी ऑइल खाऊ लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, कॉम्प्रेशन घटतं. त्याआधी सावध व्हायचं तर जुन्या इंजिन ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी होते, त्यात सिलिकॉनचा आकडा बघायचा. सिलिकॉन, लोखंड आणि ॲल्युमिनियम तिन्ही वाढत असतील तर धूळ घासतेय. एकटं सिलिकॉन वाढलं असेल तर नुकतंच इंजिन खोलून सिलिकॉन सीलंट लावलंय का ते आठवा.

डबा काढून टाकून उघडा कोन फिल्टर लावला तर?

आवाज येईल. बाकी काही येणार नाही. कंपनीचा पाइप बोनेटच्या पुढच्या टोकावरून बाहेरची हवा घेतो, उघडा कोन बोनेटखालची घेतो. ट्रॅफिकमध्ये, मे महिन्याच्या दुपारी, ती ६० अंशांच्या वर सहज जाते. जेवढा अडथळा कमी केला त्यापेक्षा जास्त दम गरम हवेने गेला, शिवाय धुळीला थेट दार उघडलं.

बाजारात दीडशे रुपयांचाही कागदी फिल्टर मिळतो. तो चालेल?

हा तेलाच्या चांगल्या फिल्टरपेक्षाही वाईट ठरू शकतो. हातात घेऊन तपासा. चुण्या सारख्या अंतरावर हव्यात, बोटाने ढकलल्यावर वाकड्या होऊन तशाच राहता कामा नयेत. रबर मऊ आणि सलग हवं, त्यात बुडबुडे किंवा चिरा नकोत. बल्बसमोर धरून बघा: उजेड मंद आणि सगळीकडे सारखा दिसावा, सुईच्या टोकाएवढा चमकणारा ठिपका म्हणजे भोक. (तेलाच्या सुती फिल्टरला ही कसोटी लावू नका, त्यात नव्यातही बारीक ठिपके दिसतात.) जुन्या फिल्टरच्या शेजारी ठेवून लांबी, रुंदी आणि कडेची जाडी जुळते का बघा. जाडी दोन मिलिमीटरने कमी असली तरी झाकण लागतं, पण सील दाबला जात नाही.

धुता येणारा पण बिनतेलाचा फिल्टरही मिळतो ना?

कृत्रिम तंतूंचा कोरडा फिल्टर. मॅफचा धोका नाही, तेलाची झंझट नाही. नाव नसलेले घेऊ नका.

वॉरंटीतल्या गाडीला तेलाचा फिल्टर लावला तर?

इंजिनाचं काही निघालं की सर्व्हिस सेंटर पहिलं बोट त्या लाल फिल्टरवर ठेवेल. वॉरंटी संपेपर्यंत कंपनीचा कागदीच असू द्या, बदलल्याचं बिल सांभाळून ठेवा.

एसीचा फिल्टर आणि हा एकच का?

नाही. एसीचा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि तो तुमच्या नाकासाठी आहे. सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘एअर फिल्टर’ लिहून हाच बदललेला असतो असंही होतं, म्हणून जुना फिल्टर मागून घ्या.

फिल्टर चार महिन्यांतच कुरतडल्यासारखा झालाय. कंपनीचा दोष?

उंदराचा. थंडीत इंजिनाची ऊब मिळते, सक्शनच्या पाइपातून सरळ डब्यात येता येतं आणि बिछान्याला कागद तयारच असतो. डब्यात लेंड्या, कडुनिंबाचा पाला, फोमचे तुकडे दिसले तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही. डबा सोडवून बाहेर काढून धुवा, पाइप विजेरीने आतून बघा, आणि सक्शनच्या बाहेरच्या तोंडाला पाच-सहा मिलिमीटर भोकांची गंज न लागणारी जाळी बसवा. घरातली मच्छरदाणीची जाळी लावू नका, ती पंधरा दिवसांत धुळीने बुजते. सुती फिल्टरही उंदीर सोडत नाहीत, फक्त तारेच्या जाळीमुळे त्यांना जरा वेळ लागतो.